लेखकासमोर कोण बसलंय? बुक ट्रेलर, मुलाखती आणि 'आपोस्त्रोफ'ची पंधरा वर्षं

नवीन पुस्तक आल्याची बातमी आज बहुतेकांना मोबाईलवर मिळते. दीड मिनिटाचा ट्रेलर असतो: संथ संगीत, पावसात भिजलेला रस्ता, मुखपृष्ठ आणि प्रकाशनाची तारीख. नाहीतर तासाभराची मुलाखत असते आणि तिच्यातून कापलेले चाळीस-चाळीस सेकंदांचे पाच-सहा तुकडे. संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांचंही यापेक्षा वेगळं नसतं. ग्रंथालयाच्या नवीन आवक यादीत पुस्तक दिसायच्या आधी लेखकाचा चेहरा ओळखीचा झालेला असतो. यात वाईट काही नाही. पुस्तक कळणं महत्त्वाचं, मग ते कुठून का कळेना.

अडचण पुढे येते. संशोधन प्रस्तावात 'लेखक एका मुलाखतीत म्हणतात की…' असं वाक्य येतं आणि समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, 'ही मुलाखत नेमका कशाचा पुरावा आहे?' प्रश्न साधा आहे, पण भल्याभल्यांची बोलती बंद करतो. त्याचं उत्तर शोधायला आज थोडा इतिहास बघू. त्यासाठी फ्रान्सला जावं लागेल, कारण पुस्तकांची ओळख टीव्हीवरच्या मुलाखतीतून करून देण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग तिथे झाला, आणि त्याची चित्रफीत आजही तपासता येते.

शुक्रवार रात्रीचा कार्यक्रम

'बुक ट्रेलर' हा शब्द अमेरिकेत २००० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाला. टीव्हीवरची लेखकाची मुलाखत त्याहून बरीच जुनी. फ्रान्समध्ये १९५३ मध्ये पिएर द्युमाये आणि पिएर देग्रोप या दोघांनी 'लेक्त्यूर पूर तूस', म्हणजे 'सर्वांसाठी वाचन', हा कार्यक्रम सुरू केला. तो १९६८ पर्यंत चालला. लेखक, मुलाखतकार, कॅमेरा आणि मधे पुस्तक, एवढाच त्याचा थाट होता.

पुढे १९७४ मध्ये फ्रेंच सरकारने नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची एकच मोठी सरकारी संस्था मोडून तिच्या जागी अनेक स्वतंत्र संस्था केल्या. १९७५ च्या जानेवारीत त्यांचं काम सुरू झालं. त्यातली एक होती 'आंतेन २' ही वाहिनी. १० जानेवारी १९७५ च्या शुक्रवारी या वाहिनीवर 'आपोस्त्रोफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रधार होते बर्नार पिव्हो. लियोंमधल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, पेशाने पत्रकार. विद्यापीठातले प्राध्यापक नव्हेत की स्वतः मोठे साहित्यिकही नव्हेत. त्यांची ख्याती एवढीच की पाहुण्यांची पुस्तकं ते खरोखर वाचून येत.

त्याच विभागणीत आणखी एक संस्था जन्मली: राष्ट्रीय दृक्-श्राव्य संस्था. फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला 'इना' म्हणतात. जुन्या कार्यक्रमांच्या फिती सांभाळणं हे तिचं एक मुख्य काम. म्हणजे कार्यक्रम आणि त्याचा दफ्तरखाना जवळपास एकाच महिन्यात सुरू झाले. त्या वेळी या योगायोगाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसेल, पण आपल्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे. पुढे त्याच्याकडे परत येऊ.

'आपोस्त्रोफ'ची रचना सोपी होती. दर शुक्रवारी रात्री, थेट प्रक्षेपण, सव्वा तासाच्या आसपासचा वेळ. एक विषय ठरवायचा आणि त्या विषयावर नुकतीच पुस्तकं आलेले चार-सहा लेखक समोरासमोर बसवायचे. शनिवारी सकाळी लोक पुस्तकांच्या दुकानात जात आणि आदल्या रात्री पाहिलेलं पुस्तक मागत. दुकानदार त्यासाठी वेगळं टेबल मांडून ठेवत. २२ जून १९९० ला कार्यक्रम बंद झाला, तोवर त्याचे ७२४ भाग झाले होते.

या ताकदीची भीतीही लोकांना वाटली. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांचे सल्लागार असलेले लेखक रेजिस दब्रे यांनी जाहीर टीका केली की पुस्तकांच्या बाजारावर एकाच माणसाची सत्ता चालते आहे. त्यावरून बराच गदारोळ झाला. दुसरी बाजूही आहे. व्लादिमीर जांकेलेव्हिच हे आयुष्यभर मोजक्या वाचकांपुरते राहिलेले तत्त्वज्ञ १९८० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, या कार्यक्रमात आले आणि त्यांच्या अवघड पुस्तकांना अचानक मागणी आली. तेव्हा 'टीव्हीमुळे उथळ पुस्तकंच खपतात' असं सरसकट म्हणता येत नाही. कुठलं पुस्तक खपलं यापेक्षा त्या खोलीत पुस्तकाचं नेमकं काय झालं, ते बघू. त्यासाठी चार शुक्रवार निवडले आहेत.

पहिला शुक्रवार: ३० मे १९७५

व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या 'एडा' या कादंबरीचं फ्रेंच भाषांतर नुकतंच आलं होतं. नाबोकोव्ह यांना उत्स्फूर्त बोलणं मुळीच आवडत नसे. प्रश्न लेखी द्या, उत्तरं लेखी घ्या, असा त्यांचा शिरस्ता होता. पिव्होंनी ती अट मान्य केली आणि प्रश्न आधी पाठवले. कार्यक्रमात नाबोकोव्ह समोर रचलेल्या पुस्तकांच्या आडोशाला ठेवलेल्या कार्डांवरून उत्तरं वाचत होते. बाजूच्या किटलीत चहाऐवजी व्हिस्की होती, ही हकीगत पिव्होंनी पुढे अनेकदा सांगितली.

बघणाऱ्याला वाटतं, काय सहज बोलतोय हा माणूस! प्रत्यक्षात तो एक लिहिलेला मजकूर होता, वाचून दाखवलेला. म्हणून ही मुलाखत खोटी ठरते का? अजिबात नाही. उलट लेखकाने विचारपूर्वक लिहिलेलं निवेदन म्हणून तिची किंमत जास्त आहे. 'लोलिता'बद्दल बोलताना ही मुलगी बिघडलेली वगैरे नाही, तिच्यावर अन्याय झालेला आहे, ती एक बिचारी लहान मूल आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. हे वाक्य तोंडातून घाईत निसटलेलं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण 'नाबोकोव्ह गप्पांच्या ओघात म्हणाले' असं कुणी लिहिलं तर ते चूक ठरेल.

म्हणजे मुलाखत कशी तयार झाली हे कळल्याशिवाय ती कशाचा पुरावा आहे हे ठरत नाही. प्रयोगशाळेतलं उदाहरण घ्या. माझं पदव्युत्तर शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे मला इथे 'ब्लँक'च आठवतो. रंगाच्या तीव्रतेवरून द्रावणातल्या पदार्थाचं प्रमाण मोजताना आपण आधी नुसत्या द्रावकाचं वाचन घेतो. यंत्रातून येणाऱ्या आकड्यात नळीचा आणि द्रावकाचा वाटा किती हे कळलं की उरलेला आकडा पदार्थाचा. मुलाखतीतही स्टुडिओचा, प्रकाशयोजनेचा, आधी पाठवलेल्या प्रश्नांचा वाटा असतो. तो वजा केल्याशिवाय वाचन नोंदवायचं नाही.

दुसरा शुक्रवार: २७ मे १९७७

या दिवशी 'नवे तत्त्वज्ञ' म्हणून गाजत असलेले बर्नार-आँरी लेव्ही आणि आंद्रे ग्लुक्समन आले होते. मार्क्सवाद शेवटी छळछावण्यांकडे नेतो, असा त्यांच्या नव्या पुस्तकांचा सूर होता. पिव्होंनी विरोधी बाजूही बोलावली होती. फ्रांस्वा ओब्राल आणि झाविए देलकूर या दोघांनी 'नव्या तत्त्वज्ञाना'च्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तेही समोर बसले होते.

त्या रात्री लोकांच्या लक्षात राहिले ते लेव्ही. वय अवघं २८, उघड्या गळ्याचा पांढरा शर्ट, ओघवती वाणी. टीकाकारांचे मुद्दे कितीही बरोबर असले तरी कॅमेऱ्यासमोर ते फिके पडले.

या सगळ्यावर जिल देल्यूझ या तत्त्वज्ञाने जूनमध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. ती पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटली गेली. देल्यूझ यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: पुस्तक स्वतः काय म्हणतं यापेक्षा पुस्तकाबद्दल काय बोललं जातं, याला आता जास्त महत्त्व आलं आहे. लेख, मुलाखती, चर्चा, कार्यक्रम यांची बेरीज एवढी मोठी होते की उद्या पुस्तक लिहिलंच नाही तरी चालेल. १९७७ मध्ये हा उपरोध होता. आज ट्रेलर येतो, मुलाखती येतात, तुकडे फिरतात, लोक बाजू घेऊन भांडतात, आणि या सगळ्यांत पुस्तक उघडलेले किती, असा प्रश्न पडतो.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. त्या रात्री विरोधक हजर होते, मग पडताळणी का झाली नाही? एक कारण असं की वाद मताविरुद्ध मत असा होता. मार्क्सवाद अपरिहार्यपणे कुठे नेतो, हे सव्वा तासात कागदपत्रांनी सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाही. अशा वादात ज्याचं बोलणं चांगलं त्याचं पारडं जड होतं.

दोन वर्षांनी लेव्ही यांचं पुढचं पुस्तक आलं, तेव्हा इतिहासकार पिएर विदाल-नाके यांनी ते हातात घेऊन ओळ न् ओळ तपासलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यात हिमलरने साक्ष दिल्याचा उल्लेख त्यांना त्यात सापडला. हिमलरने २३ मे १९४५ लाच आत्महत्या केली होती. अशी चूक बोलण्याच्या ओघात सापडत नाही. त्यासाठी टेबल लागतं, दिवा लागतो, संदर्भग्रंथ लागतात आणि वेळ लागतो. विदाल-नाके यांची टीका छापून आली ती साप्ताहिकात. पुढे ती अभ्यासकांच्या वर्तुळात चांगलीच गाजली. शुक्रवारच्या प्रेक्षकांपैकी किती जणांपर्यंत ती पोचली असेल, हा अंदाज तुमच्यावर सोडते.

तिसरा शुक्रवार: २७ मे १९८३

आता याच कार्यक्रमातलं उलट उदाहरण. इटालियन लेखिका आणि राजकारणी मारिया-अँटोनिएता माचोकी या १९७० मध्ये चीनचा पाहुणचार घेऊन आल्या होत्या. त्यावर लिहिलेल्या 'चीनविषयी' या जाडजूड पुस्तकात त्यांनी सांस्कृतिक क्रांतीचं भरभरून कौतुक केलं होतं. १९७१ मध्ये ते फ्रेंचमध्ये आलं आणि पॅरिसच्या विद्वानांनी ते डोक्यावर घेतलं. १९८३ मध्ये त्या आपलं नवीन आत्मचरित्रपर पुस्तक घेऊन 'आपोस्त्रोफ'मध्ये आल्या.

समोर बसले होते सिमॉन लेस. हे टोपणनाव. खरं नाव पिएर रिक्मान्स, बेल्जियन, चिनी भाषा आणि कलेचे अभ्यासक, ऑस्ट्रेलियात प्राध्यापक. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते हाँगकाँगमध्ये होते. चिनी वर्तमानपत्रं आणि तिथून येणारी माहिती ते मूळ भाषेत वाचत होते. त्यातून त्यांनी १९७१ मध्ये 'अध्यक्ष माओंचे नवे कपडे' हे पुस्तक लिहिलं. क्रांतीच्या नावाखाली वरच्या वर्तुळात सत्तेची साठमारी चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पॅरिसमधल्या माओभक्तांनी त्यांना झोडपलं होतं.

बारा वर्षांनी लेस आवाज न चढवता बोलले. 'चीनविषयी'मधली विधानं प्रत्यक्षातल्या घटनांशी जुळत नाहीत. अशा पुस्तकाबद्दल सौम्यपणे बोलायचं तर तो निव्वळ मूर्खपणा, आणि तसं नसेल तर फसवणूक, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माचोकी यांना त्यावर पटेल असं उत्तर देता आलं नाही. कार्यक्रमानंतर त्यांच्या नवीन पुस्तकाची मागणी ओसरली, असं खुद्द पिव्हो यांनीच पुढे सांगितलं.

१९७७ आणि १९८३, दोन्ही वेळा विरोधक समोर होता. मग फरक कशाने पडला? लेस यांना त्या विषयाची भाषा येत होती. साधनं त्यांनी स्वतः वाचली होती. आणि त्यांचं म्हणणं तपासता येईल असं होतं: अमुक घटना घडली की नाही, अमुक आकडा खरा की खोटा. तोवर माओ जाऊन सात वर्षं झाली होती आणि सांस्कृतिक क्रांतीबद्दल बरंच काही चीनमधूनच बाहेर आलं होतं, हेही विसरून चालणार नाही. १९७१ मध्ये याच दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर कदाचित प्रेक्षकांनी लेसनाच हसून उडवलं असतं. हा माझा अंदाज, पण पुढचा शुक्रवार बघितलात की तुम्हालाही पटेल.

चौथा शुक्रवार: २ मार्च १९९०

कार्यक्रम बंद व्हायला चार महिनेही उरले नव्हते. पाहुण्यांत गाब्रिएल मात्सनेफ होते. गालिमार या मातब्बर प्रकाशनाने त्यांच्या रोजनिशीचा नवा खंड काढला होता. किशोरवयीन मुलींशी असलेल्या संबंधांबद्दल ते स्वतःच्या पुस्तकांतून उघडपणे लिहीत. पिव्होंनी हसत-खेळत, चिमटे काढत त्यांची ओळख करून दिली. बाकीचेही हसले.

पाहुण्यांत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या पत्रकार-लेखिका द्नीज बोंबार्दिए होत्या. त्या हसल्या नाहीत. साहित्याची ढाल करून असलं काही झाकता येत नाही, आणि या मुलींचं पुढे काय होतं, असं त्यांनी सरळ विचारलं. त्या संध्याकाळी त्या एकट्या पडल्या. नंतरही पॅरिसच्या साहित्यिक वर्तुळात टिंगल झाली ती त्यांचीच. सोवळ्या, बुरसटलेल्या, असं त्यांना हिणवलं गेलं. मात्सनेफ यांची पुस्तकं येत राहिली. २०१३ मध्ये त्यांना निबंधासाठीचं 'रनोदो' पारितोषिकही मिळालं.

त्या रात्रीचा निकाल लावायचा झाला तर बोंबार्दिए हरल्या होत्या. पुस्तक खपलं की नाही, सभागृह कुणाच्या बाजूने हसलं, कुणाचं करिअर पुढे गेलं, कुठलाही मापदंड लावा. पण त्यांचा प्रश्न फितीवर राहिला.

फीत परत येते

आता 'इना'कडे वळू. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांनाही पुस्तकांसारखीच कायदेशीर जमा-सक्ती लागू केली. म्हणजे प्रसारित झालेलं जतन करायचं आणि अभ्यासकांना उपलब्ध करून द्यायचं. २००६ मध्ये 'इना'ने आपल्या संग्रहातला मोठा भाग इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला.

२ जानेवारी २०२० ला वानेसा स्प्रिंगोरा यांचं 'संमती' हे पुस्तक येणार होतं. स्प्रिंगोरा स्वतः प्रकाशन व्यवसायात होत्या. चौदाव्या वर्षी पन्नाशीच्या एका नावाजलेल्या लेखकाने आपल्याला कसं जाळ्यात ओढलं, ते त्यांनी लिहिलं होतं. तो लेखक म्हणजे मात्सनेफ. पुस्तक येण्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१९ च्या अखेरीस, 'आपोस्त्रोफ'मधला तो जुना तुकडा समाजमाध्यमांवर वाऱ्यासारखा पसरला. हसणारे पाहुणे, चिमटे काढणारा सूत्रधार आणि एकटी बोलणारी बाई. तीस वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या प्रचारासाठी झालेली मुलाखत दुसऱ्या, नेमक्या उलट पुस्तकाचा जणू ट्रेलर झाली. अनेकांना 'संमती' पुस्तक आधी कळलं ते या चित्रफितीमुळे.

पिव्हो तेव्हा ८४ वर्षांचे होते. साहित्याला नैतिकतेहून वरचं स्थान देणारा तो काळ होता, असं समर्थन त्यांनी आधी केलं. त्यावर टीका झाली, तेव्हा त्या रात्री आपल्याला योग्य शब्द सापडले नाहीत याची खंत त्यांनी बोलून दाखवली. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. गालिमारने मात्सनेफ यांच्या रोजनिशीच्या खंडांची विक्री थांबवली. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सने कायदा बदलला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत 'संमती होती' हा बचाव प्रौढांकडून जवळपास काढून घेतला. कायदा बदलला तो एका पुस्तकामुळे किंवा एका चित्रफितीमुळे नव्हे. त्यामागे बऱ्याच वर्षांच्या चळवळी होत्या, शिवाय त्याच जानेवारीत कामिय कुशनेर यांचं पुस्तक आलं होतं. पण या साखळीत त्या शुक्रवारच्या फितीची एक कडी आहे.

स्प्रिंगोरांचं पुस्तक वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. १९९० च्या त्या खोलीत मात्सनेफ होते, त्यांचे वाचक होते, विरोधकही होती. ज्यांच्याबद्दल सगळे बोलत होते, त्या मुलींपैकी मात्र कुणी नव्हतं. बोंबार्दिए यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं माणूस समोर यायला तीस वर्षं लागली, आणि ते आलं पुस्तकाच्या रूपाने.

संशोधनासाठी यातून काय घ्यायचं?

'मुलाखत कशाचा पुरावा आहे?' या प्रश्नाला आता नीट उत्तर देता येतं. पुस्तकातलं विधान खरं असल्याचा पुरावा म्हणून लेखकाची मुलाखत सहसा चालत नाही. लेखकाला त्या वेळी काय म्हणायचं होतं, त्याच्या समोरच्यांना काय खपत होतं, कशावर हसू येत होतं आणि कोण बोलावलंच गेलं नव्हतं, याचा मात्र ती उत्तम पुरावा असते. १९९० ची ती चित्रफीत मात्सनेफ यांच्या साहित्याबद्दल थोडंच सांगते. त्या काळच्या पॅरिसबद्दल ती भरपूर सांगते.

कुठलीही मुलाखत वापरण्याआधी मी वहीत पाच नोंदी करते. तुम्हीही करून बघा.

१. कार्यक्रम कुणाचा आणि पुस्तक बाजारात येऊन किती दिवस झाले होते?

२. थेट होता की संपादित? प्रश्न आधी दिले होते का? (नाबोकोव्ह आठवा.)

३. समोर विरोध करू शकणारं कुणी होतं का, आणि त्या माणसाने मूळ साधनं वाचलेली होती का? (ओब्राल-देलकूर आणि लेस यांच्यातला फरक.)

४. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यापैकी कुणी तिथे होतं का?

५. मी पूर्ण भाग पाहिलाय की तुकडा? तुकडा कुणी, कधी आणि कशासाठी कापला?

ट्रेलरला हे प्रश्न लावले की तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: कुणीही नाही. ट्रेलर प्रकाशक बनवतो आणि त्यात दुसरा आवाज नसतो. त्याचं काम पुस्तक आल्याचं सांगणं, ते त्याने करावं. आपण नाव टिपून घ्यावं आणि थेट अनुक्रमणिका, संदर्भसूची आणि एखादं मधलं प्रकरण गाठावं. पुस्तकाच्या ट्रेलरवरून एखादा प्रकाशक वाचकाची काय कल्पना करतो, हा तुमचा संशोधन विषय असेल तर गोष्ट वेगळी. मग ट्रेलरच तुमचं प्राथमिक साधन.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमातून मराठी लेखक घराघरांत दिसू लागले. पण भारतात पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करायला लावणारा १९५४ चा कायदा आहे, तो १९५६ मध्ये वर्तमानपत्रं आणि नियतकालिकांना लागू झाला. त्यात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम येत नाहीत. म्हणजे मराठी लेखकाचं पुस्तक ठरलेल्या ग्रंथालयात शोधता येतं, पण त्याची जुनी मुलाखत सापडणं हे कुणीतरी आपणहून ती जपली की नाही यावर अवलंबून राहतं. आजच्या यूट्यूब वाहिन्यांचंही तेच. वाहिनी बंद झाली की मुलाखत गेली. तेव्हा एखाद्या मुलाखतीवर तुमचं प्रकरण उभं राहणार असेल तर दुव्यावर विसंबू नका. तारीख, कालावधी, बोलणाऱ्यांची नावं आणि तुम्हाला हव्या असलेल्या भागाचं शब्दशः टिपण, मिनिट-सेकंदांसह, आजच करून ठेवा.

आणि एक छोटा अभ्यास. तुमच्या विषयातल्या एका नवीन पुस्तकाची मुलाखत निवडा. लेखकाने त्यात केलेली, तपासता येतील अशी तीन विधानं लिहून काढा. मग पुस्तकात ती कुठल्या पानावर आहेत आणि खाली कुठला संदर्भ दिलाय ते शोधा. तिन्ही सापडली तर पुस्तक विकत घ्यायला हरकत नाही. एकही सापडलं नाही, तर तुमच्या प्रबंधाचा पहिला प्रश्न कदाचित तिथेच असेल.